तिसऱ्या गिअरचा आवाज

आमच्या गाडीला माझा नवरा ट्रक म्हणायचा आणि अख्खी सोसायटी टेम्पो म्हणायची. चूक कुणाचीच नव्हती. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, चारही चाकांना जोर द्यायचा वेगळा छोटा दांडा, आणि रंग असा की तो मुळात हिरवा होता की हळूहळू हिरवा होत गेला ते सांगता येऊ नये. कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावातून त्याने ती आणली तेव्हा अंबरनाथ पश्चिमेतल्या आमच्या सोसायटीत तातडीची सभा भरली. निवासी इमारतीच्या आवारात मालवाहू वाहन उभं करता येत नाही, असा मुद्दा होता. नवऱ्याने उभं राहून सांगितलं, की अमेरिकेत डॉक्टर आणि वकीलही असेच ट्रक चालवतात. "मग तिथे लावा," सेक्रेटरी म्हणाले. सोसायटीच्या सभांमध्ये मी ऐकलेलं हे एकमेव नेटकं वाक्य.

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गायची. कुकरची शिटी होण्याआधी जो बारीक सूर लागतो तसा सूर, वेगाबरोबर वर चढणारा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी घाबरून गाडी थांबवायला सांगितली होती.

"दात झिजलेत," नवरा म्हणाला. "बोलतोय तोवर काळजी नाही. बोलायचा थांबला की बघू."

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. सगळी नोकरी 'शांतता राखा' या पाटीखाली बसून केली. शांततेची इतकी वर्षं भलामण केल्यावर ती एकदम ताब्यात मिळाली की तिचं काय करायचं ते कळत नाही, हे मात्र कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. नवरा गेला आणि घर असं शांत झालं की फ्रिज सुरू झाला तरी मी मान वर करून बघायचे.

तो ज्या ऑफरोडिंग क्लबात होता त्या क्लबाने त्याला श्रद्धांजली म्हणून एक रॅली काढली. गाड्यांवर काळ्या फिती, प्रत्येकाच्या जाकिटावर क्लबाचं बोधचिन्ह, हातात वॉकीटॉकी. एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर उभी असलेली माणसं त्यावर 'ओव्हर' म्हणत होती. बॅनरवर 'तुमचा प्रवास अखंड सुरू राहो' असं लिहिलेलं. वरून चित्रण करायला ड्रोन आणला होता, तो आंब्याच्या झाडात अडकला. श्रद्धांजलीचा बहुतेक वेळ तो काढण्यात गेला. नवऱ्याला हे फार आवडलं असतं. बाजूला वळून मी त्याला सांगायलाही गेले होते.

त्यानंतर मी गाडी शिकले. कार चालवता येत होती. ही चालवणं म्हणजे म्हशीला गोठ्यातून बाहेर काढणं. पण जमलं. मग मधल्या वारी मी एकटी निघायचे. बदलापूर मागे टाकून बारवीच्या दिशेला, डांबर सोडून कच्च्या वाटेने एका माळाकडे. नवऱ्याची ती आवडती जागा. तिथून धरणाचं पाणी दिसतं. थर्मासमधला चहा प्यायचा, पुस्तक वाचायचं, परत यायचं. जाण्यायेण्याचं खरं कारण तिसरा गिअर होता. बदलापूरच्या पुढचा रस्ता त्याच वेगाचा आहे.

मुलगी पुण्यात असते. तिला हे पसंत नव्हतं. फ्लॅट भाड्याने द्यावा, गाडी विकावी आणि मी तिच्याकडे राहायला यावं, असा तिचा आग्रह. खोली तयार ठेवली होती, तिला पडदेही लावले होते. फोनवर रोज तेच. शेवटी एकदा वैतागून मी म्हटलं, "हे बघ, ज्या दिवशी ही गाडी मला रस्त्यात सोडेल, त्या दिवशी मी ती विकीन आणि मुकाट्याने तुझ्याकडे येईन."

"नक्की?"

"नक्की."

तेवढ्यावर तिने फोन ठेवला. दिलेला शब्द आपल्या घरात पाळतात हे तिला माहीत होतं. दुर्दैवाने, ते तिला मीच शिकवलं होतं.

दिवाळीनंतर ब्रेकच्या कामासाठी मी गाडी उल्हासनगरला गॅरेजमध्ये दिली. गॅरेजवाले शेठ सिंधी, नवऱ्याचे मित्र. दोघं तासन्‌तास गाडीखाली पडून गप्पा मारायचे. बाहेर फक्त चार पाय दिसायचे. गाडी आणायला गेले तेव्हा शेठनी चावी दोन्ही हातांनी दिली.

"भाभी, आता एकदम मक्खन."

मला वाटलं, ब्रेकबद्दल बोलतायत. रस्त्याला लागून तिसरा टाकला आणि काहीच ऐकू आलं नाही. वेग वाढवला. काही नाही. इंजिनाची घरघर होती, पत्रा वाजत होता, पण तो सूर गेला होता. दुसऱ्यात आणून पुन्हा तिसरा टाकला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला.

परत जाऊन विचारायला हवं होतं. पण विचारणार काय? तुम्ही गाडी नीट का केलीत? मरून गेलेल्या मित्राच्या बायकोवर माणसाने मेहेरबानी केली, जुनं दुखणं न सांगता काढलं, त्यावर तक्रार कशी करायची. मी घरी आले. त्या संध्याकाळी चहा करताना कुकर लावायचं काही कारण नसताना कुकर लावला.

आणि मग पौषातल्या एका मंगळवारी, सवयीने, पुन्हा त्या माळाकडे निघाले.

भातं केव्हाच कापून झाली होती. शेतांत नुसती खुंटं, मधेमधे पेंढ्याच्या उडव्या. गवत वाळून पिवळं पडलेलं. बदलापूरच्या बाहेर 'निसर्गाच्या कुशीत' राहायला बोलावणारे फलक लागतात, त्यावर एका तळ्याकाठी गोरं कुटुंब हसत असतं. ते तळं मी कधी पाहिलेलं नाही आणि ते कुटुंबही. पुढे कच्ची वाट सुरू झाली. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला उतार. गाडी वळवायची तर थेट माळावरच. मी छोटा दांडा ओढला आणि चढाला लागले. गाडी गुमान चढत होती. इतकी गुमान की मीच गुणगुणायला लागले.

अर्ध्या चढावर दातांखाली खडा यावा तसा कट् आवाज झाला. मग डब्यात खडे घालून कुणी हलवावेत तसा. गाडी थांबली.

क्लच दाबून दांडा हलवला. पहिला पडेना. दुसरा पडला, पण क्लच सोडला की खर्रर्र करून दांडा आपणच बाहेर येई. तिसऱ्याच्या जागी दांडा नुसता लोंबत होता. हँडब्रेक ओढून मी खाली उतरले, मागच्या चाकांना दगड लावले. फोनला नेटवर्क नव्हतं. ते असतं तरी मी काय केलं असतं, कोण जाणे. क्लबाच्या ग्रुपवर लिहिलं असतं तर पंधरा गाड्या, दोरखंड, जाकिटं आणि ड्रोन घेऊन ते आले असते, आणि घरी पोचायच्या आत 'ताईंची थरारक सुटका' सगळ्यांच्या फोनवर गेली असती. त्या ग्रुपात वडिलांच्या जागी माझी मुलगी आहे.

मग मी पुण्याच्या खोलीचा विचार केला. पडदे फिकट जांभळे आहेत.

नवऱ्याने मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या: चाक बदलणं आणि गिअरचं तेल बघणं. हौद्यातून पाना काढला, सतरंजी अंथरली आणि गाडीखाली शिरले. गिअरबॉक्सच्या बाजूला एक बोल्ट असतो, तो काढून आत बोट घालायचं; तेल बोटाला लागलं पाहिजे. बोल्ट निघायला वेळ लागला. बोट घातलं आणि बाहेर काढलं, तर बोटावर तेल नव्हतं. काळी लापशी होती. दोन बोटांत चोळून पाहिली. बारीक तुसं लागली. नाकाशी नेली. तेलाच्या वासाखाली सुताराच्या दुकानाचा वास.

लाकडाचा भुसा.

ही युक्ती मला ऐकून माहीत होती. जुन्या गाड्यांच्या बाजाराचे किस्से नवरा जेवताना सांगायचा. गिअरबॉक्स ओरडत असला की तेलात भुसा भरतात. झिजलेल्या दातांमध्ये तो जाऊन बसतो, आवाज बंद, गिऱ्हाईक खूश. थोडे दिवस गाडी गप्प राहते, मग तेल फिरत नाही, दात तुटतात, आणि ती कायमची गप्प होते.

शेठनी हे माझ्या गाडीला केलं होतं. अंत्ययात्रेत रडले होते ते शेठ.

मी तशीच पडून राहिले. पाठीखाली सतरंजी, डोळ्यांपुढे मातीने माखलेला पत्रा, बाजूला वाळकं गवत. वर माळावर एखादी टिटवी ओरडत होती, तीही थांबली. कुणी मला शोधत नव्हतं. संध्याकाळपर्यंत कुणी शोधणारही नव्हतं. रोजचा फोन सातच्या पुढे येतो. गाडीखाली इतकं शांत होतं की उठायचं कारण काही सुचेना.

"बोलायचा थांबला," मी म्हटलं.

माझ्याच आवाजाने मी दचकले. सकाळी दूधवाल्याशी बोलले होते, त्यानंतरचं हे पहिलं वाक्य.

मग उठले. बोल्ट लावला, हात गवताला पुसले, आत बसले, आणि काहीतरी करायचं म्हणून दांडा रिव्हर्सला ढकलला. तो पडला. क्लच हळूच सोडला. चाकं मागच्या दगडांना टेकून ढुशी मारायला लागली. पुन्हा उतरले, दगड काढले, चढले. गाडी मागे सरकली, आणि सरकताना गायला लागली.

तोच सूर. थोडा जाड, थोडा घाईचा, पण तोच. रिव्हर्स सगळ्याच गाड्यांचा बोलतो, त्याचे दात सरळ कापलेले असतात, असं नवरा सांगायचा. भुशाला तो गप्प करता आला नव्हता. मी एका हाताने स्टिअरिंग धरलं, दुसरा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला, मान मागे वळवली, आणि आले त्या वाटेने उलटी निघाले. बराच वेळ डोळ्यांतून पाणी येत होतं. मान आखडली होती, हेही एक कारण होतंच.

पहिल्या वळणाला मागच्या काचेत एक बाई दिसली. माझ्याच वयाची, डोक्यावर लाकडाची मोळी, गुडघ्यावर खोचलेलं लुगडं. ती वाटेतून हलली नाही. मी थांबले. ती खिडकीशी आली.

"काय गो बाय, उलटी चाललीस?"

"पुढे जात नाही."

"कोन? तू का गाडी?"

"गाडी."

"मग बरा हाय. मागं तरी जाते. आमचा म्हातारा ना पुढं जात, ना मागं."

वाडी खाली रस्त्याला लागून होती. मोळी मागे टाकू का, तिने विचारलं. मी म्हटलं, टाका, आणि तुम्हीही बसा. मला मागचं नीट दिसत नाही, तुम्ही सांगा. ती हौद्यात मोळीवर बसली, मागे तोंड करून, म्हणजे आम्ही जात होतो त्या दिशेला. मिरवणुकीतल्यासारखी.

"डाव्या अंगाला घे!"

मी घेतलं. चाक बांधावर चढलं.

"अगो, डाव्या म्हनलं!"

"हे डावंच आहे!"

"तो तुजा डावा. माझा ह्यो!"

आम्ही दोघींनी थांबून यावर विचार केला. मी पुढे तोंड करून बसलेली, मान मागे वळलेली, गाडी उलटी चाललेली आणि ती पाठमोरी. त्या हिशेबात डावं-उजवं कुणाचंच उरलं नव्हतं. शेवटी तिने ते सोडून दिलं. वाटेच्या एका बाजूला पळस होते, दुसऱ्या बाजूला खाली पाणी. त्यानंतर ती नुसतं "पळसाकडं" आणि "पान्याकडं" असं ओरडायची. आयुष्यभर मी पुस्तकं आकड्यांनी लावली, पण यापेक्षा सोपं वर्गीकरण पाहिलं नाही.

वाट जरा सरळ झाली तशी तिने मागच्या काचेवर टकटक केली. मी मधली काच सरकवली.

"घरी कोन हाय?"

"कुणी नाही. मुलगी पुण्याला असते."

"बोलवत नाय?"

"बोलावते ना. रोज."

"मग?"

"तिथे गाडी लावायला जागा नाही," मी म्हटलं.

ती हसली नाही. "माझी वांगनीला दिलीय," ती म्हणाली. "जाते मी. पन तिथं बसवून ठेवतात गो. चहा आनून देतात, जेवन आनून देतात. कप उचलला तर सून... म्हंजे माझी पोरच, पन तिकडं ती सून, ती म्हनते, आये, बस तू. दोन दिस बसते. मग कंबर धरते, येते परत. पळसाकडं घे!"

वाडीपाशी तिने मोळी उतरवली. जाताना हौद्याच्या पत्र्यावर थाप मारली.

"लय वरडते गो तुजी गाडी."

"हो," मी म्हटलं. मला फार बरं वाटलं. तो आवाज आता आणखी कुणीतरी ऐकला होता.

डांबरी रस्त्याच्या कडेला मी गाडी उलटी लावली आणि नेटवर्क आलं. आधी क्लबाच्या ग्रुपवरचा शुभसकाळ संदेश आला, त्यात स्वित्झर्लंडचा डोंगर. मग मी शेठना फोन लावला.

"शेठ, गिअरबॉक्समध्ये भुसा कुणी भरला?"

तिकडे हातोडीचा आवाज येत होता, तो थांबला.

"भाभी, आप अभी तक चला रहे हो? मी समजलो, गाडी गेली."

"कुठे गेली?"

"बिक गई. बेबीचा फोन आला ना पुण्यावरून. बोली, अंकल, आईला सांगू नका, पण गाडीचा तो आवाज घालवा."

"मग?"

"मग साईं, आवाज घालवा म्हणजे काय? काम करायचं असेल तर माणूस बोलतो, खोलके देखो, गिअर बदली करो. आवाज घालवा कौन बोलता है? जिसको बेचना है वोही बोलता है. धंद्यात त्याचा एकच अर्थ आहे, भाभी. मला वाटलं, तुम्हाला दुःख होईल म्हणून बेबी गुपचूप विकतेय. तुम्ही चावी घ्यायला आल्या, मी बोललो, चलो, भाभी शेवटची चक्कर मारतायत. माझं पण मन भरून आलं."

तो दोन्ही हातांनी चावी देणं आता कळलं.

"हाथ मत लगाना," ते म्हणाले. "मी टोचन घेऊन निघालो. दोर बांधून आणतो."

मी बॉनेटला टेकून उभी राहिले आणि पुण्याला फोन लावला. गाडी बंद पडली हे शेठच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, इतकंच ठरवलं होतं. किती सांगायचं ते नव्हतं ठरवलं.

"तू शेठना आवाज घालवायला सांगितलं होतंस?"

तिकडे तिने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "तुला राग आला का? तू कधीकधी गाडीतून फोन लावून स्पीकरवर टाकतेस ना, तेव्हा मागे तो आवाज यायचा. बाबा चालवतायत असंच वाटायचं, आई. दर वेळी. मला ऐकवत नव्हतं."

रस्त्यावरून विटांचा एक ट्रक गेला. खरा ट्रक.

इतके दिवस मला वाटत होतं, तो आवाज फक्त माझ्याकडे आहे.

"राग नाही," मी म्हटलं. "गिअर तुटलाय. बारवीच्या वाटेवर. मी ठीक आहे, शेठ येतायत."

भुशाचं काही बोलले नाही. अजून बोललेले नाही. हे छापून आल्यावर तिने वाचलं तर कळेल. माझं लिहिलेलं ती सहसा वाचत नाही.

"आई," ती सावकाश म्हणाली, "तू शब्द दिला होतास. गाडीने रस्त्यात सोडलं तर..."

"रस्त्यात सोडलं नाही. रस्त्यापर्यंत आणून सोडलं."

"हा वकिली मुद्दा झाला."

"अमेरिकेत वकीलही असेच ट्रक चालवतात."

तिकडून काहीतरी ऐकू आलं. हसणं होतं की दुसरं काही, नीट कळलं नाही. नेटवर्क तिथे तसं कमीच असतं. "पुढच्या वेळी नाही ऐकणार हं मी," ती म्हणाली आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. खोलीचे पडदे अजून तसेच आहेत. सणावारी मी जाते, दोन दिवस बसते.

शेठ आले ते मान खाली घालून. गाडीला दोर बांधताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाभी, आता सांगा नीट. विकायची की खोलायची?"

"खोला. सगळं काम करा." मग मी म्हटलं, "पण तिसऱ्याचा आवाज राहू द्या."

ते गाठ मारता मारता थांबले. त्यांना ते वेडगळ वाटलं असावं, पण तसं दाखवलं नाही. "कसा राहील, भाभी? नवीन दात आले की आवाज जाणारच. आवाज पाहिजे तर जुना गिअर ठेवावा लागेल. आणि तो ठेवला तर गाडी चालणार नाही."

म्हणजे भुसा नसता भरला, मन लावून काम केलं असतं, तरी तो गेलाच असता.

"नवीन घाला," मी म्हटलं.

गाडी आता चांगली चालते. तिसऱ्यात अगदी शांत. माळापर्यंत जाते, पाणी बघते, पुस्तक उघडते. परत येताना कधी वाडीपाशी मोळी घ्यायला थांबते, कधी ती बाई भेटत नाही. सोसायटीत मात्र गाडी मी नेहमी रिव्हर्सने लावते. गेटापासून पार आतल्या कोपऱ्यापर्यंत, अगदी हळू. समोरून सरळ आत जाता येतं, हे वॉचमनने मला बऱ्याचदा सांगून पाहिलं. आता तो सांगत नाही. मागे उभा राहून हात हलवतो.

"आने दो, आने दो... बस, म्याडम. भिंत आली."